सपाट रंगांतले डोंगर आणि समुद्र: गवाश की अ‍ॅक्रिलिक?

मोजके आकार, ठसठशीत कडा आणि प्रत्येक आकारात एकच रंग. अशा चित्राला गवाश (अपारदर्शक जलरंग) आणि अ‍ॅक्रिलिक (पाण्यात मिसळणारा, पण वाळल्यावर पक्का होणारा रंग) ही दोन्ही माध्यमं चालतात. खरा फरक रंग वाळल्यावर कळतो.

गवाशमध्ये रंगकण डिंकाने बांधलेले असतात, त्यामुळे वाळलेला थर पाणी लागताच पुन्हा सुटतो. गडद निळ्या समुद्रावर पांढरं शीड काढायला गेलात, तर खालचा निळा वर येऊन पांढरा मळतो. रंग सायीइतका दाट घ्या, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा आणि एकाच फटकाऱ्यात काम उरका. त्याहून चांगलं म्हणजे शिडाची जागा आधीच कोरी सोडा. आकार एकावर एक न चढवता शेजारी-शेजारी भरले, तर गवाशइतका मखमली, चकाकी नसलेला पृष्ठभाग साध्या अ‍ॅक्रिलिकमध्ये मिळत नाही. फार जाड थर मात्र तडकतो.

अ‍ॅक्रिलिक वाळला की पाण्याने सुटत नाही, म्हणून कितीही थर चढवता येतात. क्षितिजरेषेसाठी मास्किंग टेपही बिनधास्त लावता येते. गवाशवर ती रंग उचकटू शकते. टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग फिरवून वाळू द्या, मग समुद्राचा निळा लावा. फटींत जुनाच रंग भरतो आणि रेघ धारदार येते. अडचण मोठ्या आकाशाची: रंग हाताखालीच वाळतो आणि पट्टे दिसतात. इंचभर रुंदीचा फ्लॅट ब्रश घेऊन दोन पातळ थर द्या, पहिला आडवा आणि दुसरा त्याला छेदणारा उभा. पिवळा-नारिंगी झाकत नसेल तर खाली पांढरा थर द्या.

डोंगररांगांचं सगळं गणित टोनवर, म्हणजे रंगाच्या गडद-फिकटपणावर आहे, आणि इथे दोन्ही माध्यमं फसवतात. गवाशच्या फिकट छटा बहुधा गडद वाळतात आणि गडद छटा फिकट, म्हणजे रांगांमधला गडद-फिकट फरक कमी होतो. अ‍ॅक्रिलिकमधलं रंगकण बांधणारं द्रव्य ओलं असताना दुधी असतं, म्हणून तो थोडा गडद वाळतो. प्रत्येक छटा कागदाच्या पट्टीवर वाळवून, पट्ट्या शेजारी ठेवूनच पक्की करा. रंग गरजेच्या दीडपट कालवा; तीच छटा पुन्हा जुळवणं कठीण.

ए३ पर्यंतच्या, ३०० जीएसएमच्या (म्हणजे जाड) कागदावर गवाश घ्या, पण फ्रेमला काच लागेल. मोठ्या कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकच. मखमलीपणा आणि थर दोन्ही हवे असतील तर अ‍ॅक्रिलिक गवाश आहे, म्हणजे वाळल्यावर न सुटणारा, चकाकी नसलेला रंग. त्यात ब्रश मात्र लगेच धुवावा लागतो.