अंगठा सोडवायचाय: कडू लेप की कॅलेंडरवरचे तारे?
आमच्या दादरच्या चाळीत मूल अंगठा चोखताना दिसलं की आज्या कडुलिंबाचा रस लावायला सांगतात. लेप स्वस्त, पण चव उतरली की अंगठा पुन्हा तोंडात. मिरची तर कधीच लावू नका, तोच हात झोपेत डोळ्यांना लागतो.

कॅलेंडरचा मार्ग संथ आहे. अंगठ्याविना गेलेल्या रात्रीला एक तारा, सात तारे झाले की राणीच्या बागेची फेरी. इथे मूल स्वतः ठरवतं, म्हणून मला हाच पटतो. झोपताना हातात मऊ बाहुली द्या.

बहुतेक मुलं 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात, तोवर रागावू नका. कायमचे दात साधारण सहाव्या वर्षी येऊ लागतात. तेव्हाही सवय टिकली तर वरचे दात पुढे येऊ शकतात, त्याआधीच मुलांच्या दंतवैद्यांना दाखवा.