२५ मिमी सेंटरलेस ग्राउंड बार (ईएन ८ स्टील): आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो. पिना, स्पेसर, स्टड करायचे असतील तर हा बार बिनधास्त घ्या. बुशात (शाफ्टभोवतीच्या नळीसारख्या बेअरिंगमध्ये) फिरणारा शाफ्ट करायचा असेल तर नुसत्या माइकच्या (मायक्रोमीटरच्या) रीडिंगवर घेऊ नका, मग टीसी (मालासोबत येणारं टेस्ट सर्टिफिकेट) कितीही स्वच्छ असो.

वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं युनिट आहे. पॅकिंग मशीनचे रोलर शाफ्ट करतो. पूर्वी २८ चा काळा (ग्राइंड न केलेला) बार आणून २५ ला टर्निंग आणि मग ग्राइंडिंग करायचो. व्यासाचा वर्ग भागिले १६२, हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. २८ चा बार मीटरला ४.८४ किलो, २५ चा ३.८६. म्हणजे दर मीटरमागे जवळजवळ एक किलो माल पैसे मोजून आणायचा आणि चिप्स करून भंगारच्या भावाने विकायचा. त्यात काळा बार प्लसमध्ये आला की ते जादा वजनही काट्यावर आपल्याच नावावर. या नासाडीला कंटाळून कळंबोलीच्या एका दुकानातून ग्राउंड (आधीच घासून मापात आणलेला) बार सुरू केला, टॉलरन्स (मापातली मान्य सूट) स्मॉल एच ९. म्हणजे २५ ला शून्य ते उणे ५२ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग). किलोचा भाव जास्त, पण टर्निंग आणि ग्राइंडिंग दोन्ही वाचलं.

पहिले चार-पाच महिने तक्रारीला जागाच नव्हती. तीन मीटरच्या बारवर कुठेही माइक लावा, २४.९८ ते २४.९९ च्या आत. बार सरळ, कॉलेटमध्ये (लेथच्या पकडीत) छान बसायचा, फिनिश उत्तम. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग रबाळ्याच्या एका गिऱ्हाइकाकडे शाफ्ट जाम झाला. गनमेटलचा बुश, भोकाचा टॉलरन्स कॅपिटल एच ७. प्रेस केल्यावर भोक २५.००४ मोजलेलं, शाफ्ट २४.९८५. फट १९ मायक्रॉन. त्या मशीनवर याच फटीचे आमचे जुने शाफ्ट आजही चालू आहेत. बुश काढला तर आतून भाजलेला, आणि शाफ्टवर लांबीच्या दिशेने तीन चकचकीत पट्टे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. गिऱ्हाइकाचं म्हणणं, तेल घातलं नसेल तुमच्या माणसांनी. तेल होतं.

आमचे फिटर मामा पट्टे बघून एवढंच म्हणाले, "माइक ठेवा बाजूला, व्ही-ब्लॉक आणा." उरलेला बार ९० अंशाच्या व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात) ठेवला, वर डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) लावला आणि हाताने फिरवला. काटा एका फेरीत तीनदा वर, तीनदा खाली. फरक २४ मायक्रॉन. त्याच जागी माइक लावला तर सगळीकडे २४.९८५.

हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण माल घेणाऱ्या बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. सेंटरलेसमध्ये बार सेंटरवर धरलेला नसतो. ग्राइंडिंग व्हील आणि (बार फिरवणारं) रेग्युलेटिंग व्हील यांच्या मधे पट्टीवर नुसता टेकलेला असतो. पट्टीची उंची अशी असायला हवी की बारचं केंद्र दोन्ही व्हीलच्या केंद्ररेषेपेक्षा थोडं वर राहील. ते रेषेवरच आलं तर बारचा फुगीर भाग रेग्युलेटिंग व्हीलला लागतो, बार पलीकडे ढकलला जातो आणि समोरची बाजू जास्त घासली जाते. फुगवट्यासमोर सपाटी, सपाटीसमोर फुगवटा. तीन किंवा पाच लोब (फुगवटे) तयार होतात, आणि समोरासमोर मोजलं तर व्यास सगळीकडे तोच. माइक दोनच ठिकाणी टेकतो, त्याला हे दिसणारच नाही. बुशाला मात्र तिन्ही फुगवटे एकदम लागतात. तीन लोबांना ९० अंशाचा ब्लॉक चूक दुप्पट दाखवतो, म्हणजे खरी चूक १२ मायक्रॉन. २४.९८५ चा आमचा शाफ्ट बुशासाठी २४.९९७ चा होता. १९ ची फट गेली सातवर.

दुकानदाराला फोन केला. "साहेब, टॉलरन्समध्येच आहे, टीसी बघा." बघितला. कार्बन बरोबर, हार्डनेस बरोबर, व्यास बरोबर. आउट ऑफ राउंडसुद्धा बरोबर, कारण बारच्या व्यवहारात आउट ऑफ राउंड म्हणजे एकाच छेदातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास यांतला फरक. तीन लोबांच्या बारमध्ये तो फरक शून्य येतो! मला सगळ्यात संताप याचा आला. कागदावर माल निर्दोष आणि गिऱ्हाइकाचं मशीन बंद. बऱ्याच वादावादीनंतर न कापलेले बार बदलून मिळाले. कापलेला माल, बुश, जाण्यायेण्याचा खर्च सगळा आमच्या अंगावर.

तेव्हा ठरवलं होतं की पुन्हा काळा बार. पण बदलून आलेला लॉट गेटवरच व्ही-ब्लॉकमध्ये फिरवला तर काटा चार-पाच मायक्रॉनपलीकडे हललाच नाही. तोच ग्रेड, तोच टॉलरन्स, तेच दुकान. तेव्हापासून माझं मत बदललं. बार वाईट नाही, सेंटरलेसचं सेटिंग लॉटनुसार बदलतं आणि ते तपासायची जबाबदारी कुणीच घेत नाही. एच ८ मागवा म्हणणारे भेटतात. एच ८ म्हणजे ५२ ऐवजी ३३ मायक्रॉन, पण तो व्यासाचा पट्टा आहे. त्यातही लोब आरामात बसतात. जादा पैसे भलत्याच गोष्टीचे जातात.

आता पर्चेस ऑर्डरवर वेगळी ओळ असते: ९० अंशी व्ही-ब्लॉकमध्ये एका फेरीत डायलचा फरक ८ मायक्रॉनपेक्षा जास्त नको, नाहीतर माल परत. पहिल्यांदा दुकानदार कुरकुरला, मग तयार झाला, पण किलोमागे थोडे पैसे वाढवून. ते मला अजून खटकतं. गोल बार गोल असावा याचे वेगळे पैसे कशाला? तरी २८ च्या काळ्या बारपेक्षा स्वस्तच पडतं, म्हणून देतो.

कीवे (शाफ्टवरची चावीची खाच) कापणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बार ड्रॉ करून (डायमधून ओढून) ग्राइंड केलाय की पील करून (वरचा थर सोलून), हे आधी विचारा. ड्रॉ केलेल्या बारमध्ये ताण अडकलेला असतो, एका बाजूला कीवे मारला की शाफ्ट वाकतो. आम्ही कीवेच्या कामाला पील केलेलाच घेतो.

तपासणीसाठी महागडं काही लागत नाही. फक्त ९० च्या ब्लॉकवर थांबू नका, त्याला सात लोब अजिबात दिसत नाहीत. तीन लोबांसाठी ६० अंशाचा ब्लॉक उत्तम, तो चूक तिप्पट दाखवतो. आमच्या त्या बारवर काटा ३६ हलला. टूलरूममध्ये तीन फ्लूटचे (खाचांचे) टॅप, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, मोजायचा व्ही-अॅन्व्हिल माइक पडून असेल तर तोही चालतो. आमच्याकडे आता माल उतरवून घेताना टेंपो उभा असतानाच हे होतं, सही त्यानंतर.