'वादग्रस्त'ला इंग्रजीत काय लिहाल: कन्टेन्शस की कॉन्ट्रोव्हर्शियल?

मराठीत आपलं एका 'वादग्रस्त'वर भागतं. जमीन वादग्रस्त, वक्तव्य वादग्रस्त, पुढारीही वादग्रस्त. इंग्रजीत लिहायला बसलं की डिस्प्युटेड, कॉन्ट्रोव्हर्शियल आणि कन्टेन्शस असे तीन शब्द पुढ्यात येतात.

डिस्प्युटेडचं सोपं आहे. सातबाऱ्यावरच्या नावावरून भावाभावांत तंटा असेल, तर ती जमीन डिस्प्युटेड.

घोळ होतो तो उरलेल्या दोघांत. गंगापूर-दारणा धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचा विषय घ्या. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटप ठरवून दिलं, तरी पाऊस कमी झाला की नाशिक-नगर एकीकडे, मराठवाडा दुसरीकडे आणि बैठक तापलीच. हा विषय कन्टेन्शस. लॅटिनमधल्या 'ताणणे' या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आलाय, म्हणून रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. याच पाण्यावर एखादा पुढारी असं काही बोलला, की त्या बोलण्यावरूनच लोकांत दोन तट पडले, तर ते विधान कॉन्ट्रोव्हर्शियल. अर्थात, विषयाबद्दल लिहिताना दोन्ही शब्द बऱ्याचदा चालून जातात.

कोर्टात तसं चालत नाही. प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर मिळवायच्या अर्जाला कोणी हरकत घेतली, की प्रकरण कन्टेन्शस होतं आणि दाव्यासारखं चालतं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम २९५ मध्ये हाच शब्द आहे. तिथे कॉन्ट्रोव्हर्शियल लिहू नका.

माणसाबद्दल लिहिताना तर फार जपा. कॉन्ट्रोव्हर्शियल लेखक स्वभावाने अगदी शांत असू शकतो, त्याच्याबद्दल मतभेद असतात एवढंच. कन्टेन्शस माणूस म्हणजे भांडखोर, शब्दाला शब्द वाढवणारा.

सातपूरच्या एका कारखान्यात अर्ज करणाऱ्या ओळखीच्या मुलीचं शिफारसपत्र माझ्याकडे तपासायला आलं होतं. तिच्या सरांना लिहायचं होतं कॉन्शिएन्शस, म्हणजे मन लावून चोख काम करणारी. कागदावर उमटलं होतं कन्टेन्शस! चार ओळी कौतुकाच्या आणि मधेच 'भांडकुदळ'. स्पेलिंग बरोबर, त्यामुळे कॉम्प्युटरने लाल रेघही मारली नव्हती. वाचून माझ्या पोटात गोळाच आला. सरांना लगेच फोन केला, त्यांनी त्याच संध्याकाळी नवं पत्र सही करून दिलं आणि जुनं माझ्यासमोर फाडलं.