मीरेच्या तिकिटावरचा तोच तो शिक्का: पेनांसाठी जुनी तिकिटे घेताना झालेली फसवणूक

आधी रक्कम सांगतो. तिकिटांचे १५,२०० रुपये, कुरियरचे १८० आणि वाया गेलेल्या बारा पेनांच्या साहित्याचे ७,८००, असे एकूण २३,१८० रुपये माझे बुडाले. मी नाशिकचा आहे. देशाची टपाल तिकिटे जिथे छापली जातात, त्याच गावात राहून मी तिकिटांच्या नकलांना फसलो, हे लिहिताना मान खाली जाते.

मी लेथवर हाताने पेने बनवतो. पितळी नळीला आधी पांढरा रंग द्यायचा, त्यावर वापरलेली टपाल तिकिटे चिकटवायची, नळी साच्यात ठेवून वरून पारदर्शक रेझिन ओतायचे आणि ते घट्ट झाले की लेथवर तासून पॉलिश करायचे, असे हे काम आहे. संग्राहक मंडळी यावरून मला नावे ठेवतात. परंतु मी दुर्मिळ तिकिटाला कधीही हात लावत नाही. मागून पातळ झालेली, दाते तुटलेली, कोणी आल्बममध्ये लावणार नाही अशीच तिकिटे मी घेतो. नेमके हेच त्या विक्रेत्याने हेरले असावे. संग्राहक भिंग काढतो, आमच्यासारखा माणूस फक्त रंग जुळतात का ते बघतो.

एका वाचनप्रेमी मंडळाने प्रत्येकी २,४०० रुपयांप्रमाणे बारा पेने सांगितली होती आणि त्यांवर त्यांना १ ऑक्टोबर १९५२ रोजी निघालेली संत आणि कवींची मालिका हवी होती. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ अशी ही सहा तिकिटे; तीन पेनाच्या अंगावर आणि तीन टोपणावर बसतात. फोनवरच्या ओळखीतून एक विक्रेता मिळाला. त्याने आधी ४५० रुपयांप्रमाणे दोन संच नमुन्यादाखल पाठवले आणि ते अस्सल होते. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. चाळीस संच एकदम घेतल्यास ३८० रुपयांना देतो, असे तो म्हणाला आणि पुढच्या मागण्यांचा विचार करून मी होकार दिला. पैसे ज्या नावावर गेले ते नाव त्याचे नव्हते. ‘मेहुण्याचे खाते आहे’ हे उत्तर मी मुकाट्याने मान्य केले. तुम्ही करू नका.

आता ज्या क्षणाबद्दल मी स्वतःला माफ करू शकत नाही, तो सांगतो. पाकीट आल्यावर मी मीरेची दोन आण्यांची चाळीस तिकिटे टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात टपालाच्या शिक्क्याची तीच कमान होती आणि ती प्रत्येक तिकिटावर एकाच जागी तुटलेली होती. चाळीस वेगवेगळ्या पत्रांवर, वेगवेगळ्या हातांनी मारलेले शिक्के एकाच ठिकाणी कसे पडतील? हे मला दिसले, अगदी स्वच्छ दिसले. आणि मला आनंद झाला. बाराही पेनांवर शिक्का एकाच जागी येईल, संच एकसारखा दिसेल, असे माझ्या मनात आले. तिकिटे आधीच धुऊन, दाबून सपाट केलेली होती, त्यामुळे मी ती पाण्यातही टाकली नाहीत. एक तरी टाकायला हवे होते; तुम्ही वाटीभर कोमट पाण्यात एक टाकून पाहाच.

बाराही पेने तयार झाल्यावर शेजारचे काका चहाला आले. त्यांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या तिकिटे छापणाऱ्या प्रेसमध्ये झाली. त्यांनी एक पेन खिडकीपाशी नेले, खिशातले भिंग लावले आणि म्हणाले, “अरे, कबीराचे हे तिकीट एकाच हिरव्या शाईत छापलेले असते. ह्यात निळे-पिवळे ठिपके कुठून आले?” उरलेल्या तिकिटांतले एक आम्ही तिथेच बशीतल्या पाण्यात टाकले आणि पाच मिनिटांत पाणी हिरवट झाले. म्हणजे ही सगळी रंगीत प्रिंटरवर काढलेली, शिक्क्यासकट छापलेली नक्कल होती. मंडळाने दिलेली १४,४०० रुपयांची आगाऊ रक्कम मी त्याच संध्याकाळी परत केली. अस्सल तिकिटे म्हणून नकला विकण्याइतका मी कोडगा नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “कसली तिकिटे, एसटीची का?” माल मिळाला आहे, मग फसवणूक कसली, असे तिथे सांगून मला सायबर कक्षाकडे धाडले, सायबर कक्षाने हा देण्याघेण्याचा वाद आहे म्हणून ग्राहक मंचाचा रस्ता दाखवला, बँकेने, पैसे तुम्हीच पाठवलेत, असे लेखी कळवले, कुरियरवाल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता गोपनीय ठरवला, आणि टपाल कचेरीतल्या खिडकीवर, आम्ही नवी तिकिटे विकतो, जुनी तपासत नाही, एवढे बोलून पुढच्या माणसाला बोलावले. या पाच दारांसाठी माझे साडेतीन आठवडे गेले. घरी येऊन मी कायदा वाचला. टपाल तिकिटाची नक्कल करून विकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८६ खाली गुन्हा आहे आणि त्याला दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत. एवढ्यात माझ्या पाकिटाचा कुरियरखर्च जेमतेम भागला असता! फसवणुकीचे कलम ३१८ वेगळे आहे, पण ते लावण्यासाठी कोणीतरी तक्रार लिहून घ्यावी लागते. पैसे गेल्याचे लक्षात आल्याबरोबर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. मी लाजेपोटी नऊ दिवस घालवले. पाकीट उघडताना चित्रीकरण करा. नमुन्यावर विश्वास ठेवून मालावर पैसे लावू नका.

गेल्या आठवड्यात एका पेन बनवणाऱ्या मित्राने, ‘घेऊ का?’ असे विचारत मला एक छायाचित्र पाठवले. विक्रेत्याचा क्रमांक वेगळा होता, भाव आता संचाला ४२० रुपये झाला होता आणि मीरेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तीच तुटकी कमान होती.