नको असलेल्या रेघा: मॅटप्लॉटलिबसोबतचे नऊ महिने

गेले नऊ महिने मी मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथनमधलं आलेख काढायचं साधन, जवळजवळ रोज वापरतेय. काम एकच. अकरा गावांतल्या विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला टेप सोडून मोजली जाते, ती एक्सेलमधून माझ्याकडे येते आणि मी तिचे आलेख काढते. साधन फुकट आहे, भक्कम आहे, आणि आता ते सोडायचा विचारही मनात येत नाही. पण सुरुवातीला आलेखभर धावणाऱ्या आडव्यातिडव्या रेघांनी मला फार छळलं. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते.

पहिल्याच दिवशी तारखेचा आणि खोलीचा कॉलम रेघ काढणाऱ्या 'प्लॉट' या आज्ञेला दिला. गावांची वळणं उमटली, पण एका गावाची शेवटची नोंद संपली की तिथून पुढच्या गावाच्या पहिल्या नोंदीपर्यंत लांब तिरकी रेघ उलटी मागे जायची. 'प्लॉट' ओळी ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने बिंदू जोडतो. गाव बदललं हे त्याला कळायचं काही कारणच नाही. पांडाजमध्ये, म्हणजे पायथनच्या तक्ते हाताळायच्या साधनात, ओळी तारखेने 'सॉर्ट_व्हॅल्यूज' करून क्रमाने लावा, मग 'ग्रुपबाय'ने गावागणिक गट करून प्रत्येक गावासाठी 'प्लॉट' वेगळा बोलवा. त्या रेघा जातात.

मी आधी पिव्होट करून प्रत्येक गावाचा वेगळा कॉलम केला होता. त्यात रेघाच नाहीशा झाल्या! मोजणीच्या तारखा गावागणिक वेगळ्या, त्यामुळे प्रत्येक कॉलमात रिकामे कप्पे, म्हणजे 'नॅन', आणि 'नॅन' आला की रेघ तुटते. दोन 'नॅन'मध्ये अडकलेला एकटा बिंदू तर मार्कर दिल्याशिवाय दिसतसुद्धा नाही.

तारखांनीही रडवलं. 05/06/2024 ही आपली 5 जून. पांडाज आपणहून ती 6 मे वाचतं. जुन्या आवृत्तीत 12 पर्यंतच्या तारखा उलट्या आणि 13 पासूनच्या बरोबर वाचल्या जायच्या, की रेघ करवतीसारखी दातेरी. 2.0 पासून अशा मिसळीवर निदान एरर येते. 'डेफर्स्ट' ट्रू ठेवा, म्हणजे पहिला आकडा दिवसाचा धरला जातो. तारीख मजकूर म्हणूनच राहिली तर मॅटप्लॉटलिब ती ज्या क्रमाने दिसेल त्या क्रमाने अक्षावर मांडतं, हेही ध्यानात असू द्या.

पण सगळ्यात वाईट रेघ दिसायला अगदी सरळ होती. एका वस्तीवरच्या विहिरीत मार्चला पाणी 6.8 मीटर खोल होतं, जुलैत 3.1. मधल्या तीन महिन्यांपुढे मोजणाऱ्याने 'कोरडी' असं लिहिलं होतं. मी कॉलम आकड्यांत बदलला तेव्हा त्या शब्दांचे 'नॅन' झाले, आणि 'ड्रॉपना'ने मी ते काढून टाकले. आलेख मार्चपासून जुलैपर्यंत छान वर चढत गेला. तो कागद वस्तीवर नेला तेव्हा एका बाईंनी बोट ठेवून विचारलं, "ताई, मे महिन्यात हितं पाणी होतं?" त्या महिन्यात तिथे टँकर येत होता. मी स्वतः टेप सोडला होता तेव्हा वजन खाली खडकावर आपटलेलं ऐकलं होतं.

तेव्हापासून 'ड्रॉपना' सरसकट चालवत नाही. महिन्याची ओळच नसेल तर सगळ्या महिन्यांची यादी करून 'रीइंडेक्स' करते, म्हणजे खंड खंडासारखा दिसतो. मोजलेल्या प्रत्येक नोंदीला ठिपका देते. नुसते बिंदू हवे असतील तिथे लाइनस्टाइल 'नन' ठेवते.

एक तक्रार उरतेच. माझ्याकडच्या आवृत्तीत देवनागरी फॉन्ट दिला तरी वेलांट्या आणि जोडाक्षरं नीट बसत नाहीत, त्यामुळे गावांची नावं मला अजून इंग्रजीत लिहावी लागतात. ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना स्वतःच्या गावाचं नाव आलेखावर वाचता येऊ नये, हे मला मनापासून लागतं.

खोलीचा अक्ष 'इन्व्हर्ट_वायअॅक्सिस'ने उलटा केला आहे, जमीन वर आणि तळ खाली. त्या विहिरीची रेघ आता मार्चला 6.8 मीटरवर थांबते. एप्रिल, मे आणि जून या महिन्यांत तळाच्या खोलीवर 'स्कॅटर'ने काढलेल्या तीन तांबड्या फुल्या आहेत. जुलैत 3.1 वर रेघ पुन्हा सुरू होते.