सोलर लाईटचा सेट: मावशीच्या घरातला दीड वर्षाचा अनुभव

मावशी खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेच्या वाडीत राहते, लाईनीची लाईट पावसात दोन दोन दिवस येत नाही, म्हणून बँकेचं कर्ज काढून सोलर बसवला. ४० वॅटचं पॅनल, बॅटरी, ४ एलईडी दिवे आणि मोबाईल चार्जिंग. हप्ता महिन्याला ३०० च्या आसपास, आधी रॉकेल आणि मेणबत्त्यांवर जायचे तेच पैसे आता इकडे जातात.

एक दिवा मी हट्टाने चुलीच्या वर लावायला सांगितला. पूर्वी मावशी रॉकेलची चिमणी भाकरीच्या परातीजवळ ठेवायची, पिठात काजळी पडायची, आता तव्यावरची भाकरी फुगताना नीट दिसते हो, तिला केवढा आनंद झाला!

याआधी बाजारातून स्वस्तातला कंदील आणलेला, वर्षात बंद पडला आणि दुकानदाराने हात वर केले. म्हणून सांगते, वस्तूपेक्षा सर्व्हिस बघा. कर्नाटकात सेल्को या सोलर कंपनीने १९९५ पासून हेच धरलंय, गरज बघून सेट, बँकेचं कर्ज आणि दुरुस्तीला घरी माणूस. तिचे संस्थापक हरीश हांडेंना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. आमच्याकडचा सोलर दुरुस्तीचा पोरगाही याच पद्धतीने काम करतो, फोन केला की येतो, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून जातो.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसतं तेव्हा मात्र दोनच दिवे लावा, चारही लावले तर रात्री दहालाच बॅटरी बसते. आणि पॅनलवरची पानं काढत जा.