क्लायंटचे तास मोजायला समइफ्स, समप्रॉडक्ट की पिव्हट?

तासांची शीट दिसायला साधी असते. तारीख, क्लायंट, काम, तास आणि बिल लावायचं की नाही, एवढेच रकाने. महिना संपला की प्रश्नही एकच असतो: या क्लायंटचे, या महिन्यातले, बिल लावायचे तास किती झाले?

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये उत्तर काढायच्या वाटा मुख्यतः तीन: अटी लावून बेरीज करणारं समइफ्स फंक्शन, रकाने गुणून बेरीज करणारं समप्रॉडक्ट, आणि नोंदींचा गटवार गोषवारा मांडणारी पिव्हट टेबल. नोंदी स्वच्छ असतील तर तिन्हींचं उत्तर तेच येतं. म्हणून निवडताना मी सोपेपणा आणि वेग नंतर बघतो. नोंदीत चूक असली तर ती वाट चूक समोर आणते की गुपचूप गिळून टाकते, हे आधी बघतो. गिळला गेलेला प्रत्येक तास कुणीतरी बसून केलेलं काम असतं.

समइफ्स एक्सेल २००७ पासून आहे, गूगल शीट्समध्येही आहे. वाचायला ती सगळ्यात सरळ:

=समइफ्स(तास, क्लायंट, "अ", बिल, "हो", तारीख, ">="&पहिली, तारीख, "<"&पुढची_पहिली)

इथे तास, क्लायंट वगैरे म्हणजे त्या त्या रकान्याची रेंज (सेलचा पट्टा), आणि 'पहिली' म्हणजे महिन्याची पहिली तारीख. पुढची पहिली, म्हणजे पुढच्या महिन्याची पहिली तारीख, इडेट या तारीख महिन्यांनी पुढे नेणाऱ्या फंक्शनने काढता येते. शेवटची अट "<=३१ तारीख" अशी लिहू नका. तारखेसोबत वेळही नोंदवली असेल तर ३१ तारखेच्या संध्याकाळचं काम त्या अटीत बसत नाही, कारण शीटच्या लेखी ३१ म्हणजे ३१ तारीख सुरू होतानाची मध्यरात्र. एकच अट घेणाऱ्या जुन्या समइफमध्ये बेरजेची रेंज शेवटी येते, समइफ्समध्ये पहिली. एकावरून दुसरीवर जाताना हमखास गफलत इथे होते.

समइफ्सचा खरा धोका तिच्या शांतपणात आहे. एखाद्या सेलमधले ७.५ आकडा म्हणून नसून मजकूर म्हणून बसले असतील, तर ती ते सोडून देते आणि काहीही सांगत नाही. क्लायंटच्या नावापुढे चुकून स्पेस पडली असेल तर ती ओळही गळते. बेरीज येते, नीटनेटकी दिसते आणि कमी असते. रेंजची लांबी जुळली नाही तर मात्र #व्हॅल्यू! हा चुकीचा इशारा दिसतो. आणखी एक मर्यादा म्हणजे सगळ्या अटी 'आणि'ने जोडल्या जातात. 'अ किंवा ब' हवं असेल तर दोन समइफ्स लिहून त्यांची बेरीज करावी लागते.

समप्रॉडक्टमध्ये अटी कंसात लिहून गुणायच्या: (क्लायंट="अ")*(बिल="हो")*तास. इथे 'किंवा'साठी अधिकचं चिन्ह चालतं. तारखेतून महिना काढणारं मंथ फंक्शन थेट तारखांच्या रेंजवर लावता येतं, समइफ्सला हे जमत नाही. वेगवेगळ्या कामांचे दर वेगळे असतील तर तास गुणिले दर एकाच फॉर्म्युल्यात होतं. मजकूर म्हणून बसलेले ७.५ गुणाकारात आकडा होऊन मोजले जातात. कुणी तासांच्या रकान्यात "सात तास" लिहून ठेवलं असेल तर अख्खा फॉर्म्युला #व्हॅल्यू! देतो. हे त्रासदायक वाटतं, पण मला ते आवडतं, कारण त्या क्षणी चूक सापडलेली असते. मात्र तासांची रेंज गुणाकाराऐवजी स्वल्पविरामाने वेगळी दिली तर मजकूर शून्य धरला जातो आणि पुन्हा तीच शांतता. नावापुढची स्पेस मात्र हीदेखील पकडत नाही. शिवाय एक्सेलमध्ये अख्खा रकाना दिला तर १०,४८,५७६ ओळींवर हिशोब होतो आणि शीट रेंगाळते. रेंज मोजकी द्या.

पिव्हटमध्ये फॉर्म्युला लिहायचाच नसतो. तिची मोठी ताकद अशी की तुम्ही न विचारलेलंही ती दाखवते. स्पेस पडलेलं किंवा चुकीचं लिहिलेलं नाव वेगळी ओळ होऊन समोर येतं. समइफ्सला तुम्ही "अ" विचारता आणि ती फक्त "अ"चंच सांगते. पिव्हट सगळ्या नावांची यादीच मांडते. तासांच्या रकान्यात मजकूर मिसळला असेल तर एक्सेलची पिव्हट बेरजेऐवजी काउंट (नुसती नोंदींची मोजणी) घेते, हाही एक इशाराच. काउंट बदलून बेरीज करण्याआधी रकाना तपासा. तिचा दोष म्हणजे एक्सेलमध्ये नवी नोंद केल्यावर सहसा रिफ्रेश करावं लागतं, नाहीतर कालचीच बेरीज दिसत राहते. गूगल शीट्सची पिव्हट आपोआप बदलते. तिथलं नोंदी गाळून बेरीज देणारं फंक्शन, क्वेरी, अनेकांना आवडते, पण एका रकान्यात आकडे आणि मजकूर मिसळले तर ती बहुसंख्य प्रकार धरते आणि उरलेल्या सेल रिकाम्या मानते. बिलाच्या हिशोबात मला ते पटत नाही.

तुमचे तास ७:३० अशा वेळेच्या रूपात असतील तर वाट कोणतीही घ्या, एक सापळा कायम आहे. शीटसाठी २४ तास म्हणजे १. त्यामुळे २६:३० ची बेरीज साध्या फॉरमॅटमध्ये २:३० दिसते. फॉरमॅटमधलं तासांचं चिन्ह चौकोनी कंसात, म्हणजे [h] असं, घातलं की २६:३० दिसतं. दराने गुणण्याआधी २४ ने गुणायलाच हवं. १०० दराने २,६५० यायला हवेत, नाहीतर ११०.४२ येतील.

दर महिन्याला त्याच साच्यात बिल काढायचं असेल तर समइफ्स घ्या. अटी गुंतागुंतीच्या असतील किंवा दर बदलते असतील तर समप्रॉडक्ट. नोंदी अनेक जण भरत असतील तर बिलाआधी एकदा पिव्हट लावून नावं डोळ्यांखालून घाला, मग समइफ्सकडे वळा. सोबत एक सेल कायमची ठेवा: त्या महिन्याच्या सगळ्या तासांची फक्त तारखेच्या अटीवरची बेरीज, वजा क्लायंटनिहाय बेरजांची एकूण. या क्लायंटनिहाय बेरजांत बिल न लावायचे तासही धरा. तिथे शून्याऐवजी काही उरलं तर कुणाच्या तरी नावाची ओळ गळलेली आहे. मजकूर म्हणून बसलेले तास मात्र दोन्हीकडून सुटतात आणि या सेलमध्ये दिसत नाहीत. ते शोधायला तासांच्या रकान्यावर काउंटए (भरलेल्या सगळ्या सेल मोजणारं) आणि काउंट (फक्त आकडे मोजणारं) यांची उत्तरं शेजारी लावा. शीर्षक वगळून दोन्ही सारखी यायला हवीत.